वाटतं आणि निघालं

वसुधाताई,

शुक्रवारी ऑफिसने तुमच्यासाठी एक मिनिट मौन पाळलं. म्हणजे जो तो आपापल्या घरी, आपापल्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. उभं राहिल्यावर चेहरे वर गेले आणि बावीस चौकोनांत बावीस पोटं उरली. कुणाचा तरी माईक चालू राहिला होता, तिकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "तिसरी होऊ द्या, मग बसा." मला हसू आलं. ते आवरताना एवढी दमले की मिनिट संपायच्या आतच खुर्चीत बसून घेतलं.

मग रोहन बोलला. रोहन आमचा टीम लीड, तुम्ही निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी आलेला. त्याने तुम्हाला कधी पाहिलं नाही, पण नाव त्याला माहीत आहे. सगळ्यांनाच आहे. नव्या मुलांच्या पहिल्या आठवड्यात जे ट्रेनिंग होतं त्यात एक स्लाइड असते, न तपासता सही केली की काय होतं याची. तिच्यावर तुमचं नाव नसतं, पण शिकवणारा तोंडी सांगतोच. "ॲक्च्युअली वसुधा मॅमची ती रिव्ह्यूची केस आपण सगळेच शिकलोय," रोहन म्हणाला. "सो, त्या अजूनही आपल्याला शिकवतायत." मुलगा चांगला आहे. मनापासून बोलला. पुढे म्हणाला, "अर्चना मॅम, तुम्ही त्यांच्यासोबत सगळ्यात जास्त काम केलंय. दोन शब्द बोलाल?"

बोलले. शिस्तीच्या होत्या, शिकवण्याची हौस होती, कोबोलमधले प्रोग्राम त्यांच्यासारखे कुणाला जमले नाहीत. जे बोलायला हवं होतं ते सोडून सगळं बोलले. कॉल संपल्यावर कॅमेरा बंद झालाय ना ते तीनदा बघितलं.

आज रविवार. तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तुमच्या तेरा वह्या माझ्यासमोर टेबलावर आहेत. त्यांच्याकडे येतेच, पण मला क्रमानेच सांगू दे. मधूनच उडी मारलेली तुम्हाला चालत नसे.

मी यवतमाळहून आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. कर्वेनगरातल्या एका बंगल्यात आपलं ऑफिस होतं. खालच्या मजल्यावर सोळा संगणक, वर साहेब, आणि मीटिंगची खोली म्हणजे बंगल्याची जुनी जेवणाची खोली. भिंतीतल्या शोकेसमध्ये मूळ मालकांच्या बरण्या तशाच राहिलेल्या. परदेशी कंपन्यांनी इथल्या पोरापोरींना कामाला घ्यायचे ते दिवस होते. पेपरात रोज त्याबद्दल छापून यायचं आणि आमच्या गावात माझ्या बाबांना लोक विचारायचे, "पोरगी काय करून राह्यली पुण्यात?" बाबांना सांगता यायचं नाही. मलाही यायचं नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही मला तुमच्या शेजारी बसवलंत. कॉटनची साडी, हाताला घड्याळ उलटं बांधलेलं, आणि समोर पडद्यावर कोबोलचा प्रोग्राम चालता चालता मधेच थांबलेला. एक ओळ उजळलेली. "हे काय चाललंय, दिसतंय?" तुम्ही विचारलंत.

"मी बघून राहिले आहे," मी म्हणाले.

"बघून राहिले म्हणजे बघून झालं की बघायचंय?"

मग तुम्हीच डीबगर समजावलात, आणि इतका सोपा पुढे मला कुणी समजावला नाही. प्रोग्राम एरवी आत शिरतो, हजारो ओळी पळतो आणि उत्तर घेऊन बाहेर येतो. आत काय केलं ते कुणाला कळत नाही. डीबगर लावला की आपण म्हणू त्या ओळीवर, म्हणजे ब्रेकपॉइंटवर, तो थांबतो. थांबला की त्याच्या हातात त्या क्षणी काय काय आहे ते बघता येतं. एकेक ओळ पुढे नेता येतो. हवं तर त्याच्या हातातली व्हॅल्यू बदलून पुढे सोडता येतो. "शेवटचं ते करायचं नाही," तुम्ही म्हणालात. "बघायला थांबवलंय. हात घालायला नाही."

मग ती वही. साधी दोनशे पानी, मध्ये पट्टीने आखलेली रेघ. डावीकडे वर लिहिलेलं 'वाटतं', उजवीकडे 'निघालं'. ब्रेकपॉइंटवर प्रोग्राम थांबायच्या आधी डावीकडे लिहायचं, तिथे अमुक ठिकाणी काय असेल असं मला वाटतं. मग थांबवायचं, बघायचं, आणि उजवीकडे लिहायचं काय निघालं. आधी लिही, मग बघ. आधी बघितलंस तर तुला वाटेल की तुला माहीतच होतं. आणि ज्या ओळीचं निघालं नाही, म्हणजे प्रोग्राम तिथवर पोचलाच नाही किंवा काम अर्धं राहिलं, ती ओळ वही संपली की नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवायची. निघेपर्यंत उतरवत राहायचं.

आम्ही मागून टिंगल करायचो. दुसऱ्या टीममधली मुलं डीबगर लावून अर्ध्या तासात चूक काढायची आणि चहाला जायची. आम्ही वसुधाताईंच्या पोरी वहीत रेघा मारत बसलेल्या. पण वर्षभराने माझ्या लक्षात आलं की तीच मुलं तीच चूक पुन्हा पुन्हा काढतात, आणि तुमच्या पोरींना प्रोग्राम बघायच्या आधीच आतलं थोडंफार दिसायला लागलं आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असतात, "मग कर काम." पण सांगायला हवं होतं. मी आजवर जे काही कमावलं ते त्या डाव्या रकान्यातून आलं, ताई. माझ्या घरच्यांना वाटतं डिग्रीतून आलं.

आपलं भांडण मात्र उजव्या रकान्यावरून नव्हतं, हात घालण्यावरून होतं. मी म्हणायचे, थांबलेल्या प्रोग्राममध्ये एखादी चुकीची व्हॅल्यू दिसली, ती तात्पुरती बरोबर करून पुढचं तपासलं तर काय बिघडतं? वेळ वाचतो. मूळ चूक नंतर दुरुस्त करता येते. तुम्ही म्हणायचात, नंतर येत नाही. पुढचं सगळं छान झालेलं दिसलं की मागे जावंसं वाटत नाही. मी म्हणायचे, ते माणसावर आहे. तुम्ही म्हणायचात, माणसावर आहे म्हणूनच सांगतेय. डब्याच्या वेळी चालायचं हे. एकदा तर तुम्ही तुमची साबुदाण्याची खिचडी तशीच टाकून उठलात, आणि मग परत येऊन माझ्याही डब्यातली संपवलीत.

आता ते वर्ष.

शतक संपत आलं होतं आणि जगभरच्या जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे दोनच आकडे होते. नव्याण्णवनंतर शून्य शून्य आलं की प्रोग्राम ते एकोणीसशे साल धरणार. इंग्लंडातल्या एका विमा कंपनीचे प्रोग्राम आपल्याकडे दुरुस्तीला आले. तुमच्या हाताखाली आम्ही चौघी. मी तपासायचं, वहीत लिहायचं, तुम्ही वही बघून सही करायची. आणि हे नीट पार पडलं की हिवाळ्यात तुम्ही तिकडे जायचं, तीन महिने, त्यांच्या ऑफिसात बसून उरलेलं काम करायला. सत्तेचाळिसाव्या वर्षी तुम्ही पहिला पासपोर्ट काढला होतात. कॅम्पातून लांब, राखाडी, लोकरीचा कोट आणला होतात आणि भर उन्हाळ्यात ऑफिसात घालून दाखवला होतात. "कशी दिसते?" म्हणून विचारलंत. तुम्ही असलं काही विचारता हे आम्हाला माहीतच नव्हतं.

तो गुरुवार होता. बारा वाजता लाइट जाणार होते, दर गुरुवारी जायचे. पॉलिसीच्या नूतनीकरणाचा प्रोग्राम मी लावला होता आणि सहामाही हप्त्यांच्या पॉलिसी तेवढ्या राहिल्या होत्या. घाई होती. मी वही उघडलीच नाही. आधी थांबवलं, आधी बघितलं. वर्षाच्या जागी एकोणीसशे होतं. दोन हजार असायला हवं होतं.

म्हणजे चूक सापडली होती, ताई. तेव्हाच, तिथेच. पण मला पुढचं पत्र कसं छापलं जातं ते लाइट जायच्या आत बघायचं होतं. मी हाताने दोन हजार घातलं आणि प्रोग्राम सोडला. पत्र सुरेख छापून आलं. वर पत्ता, खाली नूतनीकरणाची तारीख, सगळं जागच्या जागी. मग लाइट गेले. मग घरमालकिणीचा फोन आला की यवतमाळहून बाबा आलेत, सोबत एक स्थळ घेऊन. मी स्कूटरवरून निघाले. ते स्थळही जमलं नाही, तो भाग वेगळा.

शुक्रवारी सकाळी तुम्ही वही मागितलीत. मी विसरले होते असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. वही उघडली तेव्हा आठवलं. फायलीत ते छापलेलं पत्र होतं, बरोबर आलेलं. मी डावीकडे दोन हजार लिहिलं, उजवीकडे दोन हजार लिहिलं, एकाच पेनाने, एका दमात. मनात म्हटलं, जेवणानंतर बसून मूळ चूक काढते. तुम्ही वही बघितलीत, सही केलीत. जेवणानंतर दुसरं काम आलं. तुम्ही म्हणायचात तसंच झालं, मला मागे जावंसं वाटलं नाही.

पावसाळा संपता संपता तिकडून फोन आला. तिथल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना पत्रं गेली होती की तुमची पॉलिसी कधीच रद्द झाली आहे, आता काही करता येणार नाही. एक बाई म्हणे फोनवर रडत होत्या. नवरा नुकता गेला होता त्यांचा.

बरण्यांच्या खोलीत आपण बसलो. टेबलाच्या मधोमध स्पीकरचा फोन. तिकडच्या माणसाने शांतपणे विचारलं की सहामाहीच्या पॉलिसी कुणी तपासल्या. मी तुमच्यापासून तीन खुर्च्या लांब होते, वही माझ्याच हाताखाली होती. तुम्ही म्हणालात, सही माझी आहे. साहेब मधे काहीतरी बोलायला गेले, तर तुम्ही पुन्हा म्हणालात, "सही माझी आहे. मी बघायला हवं होतं."

मग तुम्ही खाली आलात, माझ्या शेजारी बसलात आणि तोच प्रोग्राम लावलात. त्याच ओळीवर ब्रेकपॉइंट. कागदाच्या चिटोऱ्यावर आधी एकोणीसशे लिहिलंत, मग थांबवलंत. एकोणीसशे निघालं. तुम्ही पडद्याकडे बघत होतात, माझ्याकडे नाही. म्हणालात, "त्या शुक्रवारी इथे दोन हजार कसं निघालं असेल गं?"

तुम्ही मला जागा करून दिली होतीत. एका वाक्याएवढी. मी म्हणाले, "डेटा वेगळा असेल."

"असेल," तुम्ही म्हणालात, आणि पुढच्या ओळीवर गेलात.

तिकडच्यांनी कळवलं की सही करणाऱ्या त्या बाई नकोत, दुसरं कुणी पाठवा. साहेबांनी मला पाठवलं. मी नाही म्हणू शकले असते. मी काय म्हणाले माहीत आहे? "ताईंना वाईट नाही ना वाटणार?" असं साहेबांना विचारलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी तो राखाडी कोट पिशवीत घालून आणलात. "माझ्या मापाचा आहे, तुलाही होईल. तिकडे विकत घेऊ नकोस, उगाच महाग असतात." मी तो घातला, ताई. तीन महिने घातला. खिशात तुमचा एक रुमाल निघाला, घडी केलेला, इस्त्रीचा. तो मी परत केला. कोट परत द्यायला आले तर म्हणालात, "राहू दे, मला पुण्यात काय करायचाय?"

त्या तीन महिन्यांवर माझं पुढचं सगळं उभं आहे. बढती, घर, मुलाचं शिक्षण. तुमच्यावर मात्र नंतर कुणी मोठं काम सोपवलं नाही. नव्या मुलींना शिकवायला तेवढं बोलवायचे. आणि कधीतरी कुणीतरी ती स्लाइड बनवली.

परत आल्यावर पहिल्या सहलीला आपण खडकवासल्याला गेलो होतो, सगळं ऑफिस. धरणाच्या कडेने कणसं भाजणारे बसलेले. तुम्ही आणि मी कठड्यावर बसलो. मी ठरवून गेले होते, आज सांगायचंच. रात्रभर वाक्यंसुद्धा जुळवली होती. तुम्ही कणसाला लिंबू चोळत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "बोल."

बाकी काही नाही. नुसतं "बोल." तेव्हा मला वाटलं, तिकडची हकिगत विचारताय.

"थंडी फार होती तिकडे," मी म्हणाले.

तुम्ही हसलात. "कोट होता ना?" म्हणालात, आणि कणसाचे दाणे काढून अर्धे माझ्या हातावर ठेवलेत. पुढे कधी मी ठरवूनही गेले नाही. माझं लग्न झालं, तुम्ही आलात. तुम्ही निवृत्त झालात, मी भाषण केलं. दर दिवाळीला नारायण पेठेतल्या तुमच्या दोन खोल्यांत चकल्या घेऊन यायचे आणि तुम्ही दरवर्षी म्हणायचात की वऱ्हाडातल्या बायकांना चकली येत नाही, शेव आणत जा. हात घालण्यावरून आपलं भांडणही चालूच राहिलं. आता साधनं किती सुधारली आहेत, ताई, व्हॅल्यू बदलली तर नोंद राहते, मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "नोंद राहते ते बरंय. बघतं का कुणी?" त्यावर मी चहा टाकायला उठायचे. तुम्हाला ते दिसत असणार. तुम्हाला सगळंच दिसायचं.

शेवटचं आले तेव्हा दुपार होती. खिडकीतून भांड्यांच्या दुकानातला ठोकण्याचा आवाज येत होता. तुमची भाची केतकी औषध आणायला खाली गेली होती. तुमचा हात फार हलका झाला होता. बोलताना दम लागत होता, तरी म्हणालात, "एक ओळ राहिलीय. निघायची."

"कुठल्या प्रोग्रामची?" मी विचारलं.

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "वह्या तू घेऊन जा. केतकी रद्दीत घालेल."

"अहो, बऱ्या व्हाल तुम्ही," मी म्हणाले. काय बोलले मी हे! खोटं बोलायची इतकी सवय झाली होती की तुमच्या खाटेशी बसूनही तेच बाहेर आलं. मी उठले आणि तुमच्या पायांवर शाल घातली. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

वह्या केतकीने काल आणून दिल्या. कापडी पिशवीत तेरा. पहिल्या सहा ऑफिसच्या. पुढच्या सात तुम्ही निवृत्त होऊन घरी गेल्यावर लिहिलेल्या. मला माहीतच नव्हतं की तुम्ही हे चालू ठेवलं आहे. वाटतं: उद्या पाणी येणार नाही. निघालं: आलं, पण गढूळ. वाटतं: शेजारचे जोशी सोसायटीच्या सभेत तीच तक्रार करणार. निघालं: केली, दोनदा. वाटतं: केतकी त्या मुलाला होकार देईल. निघालं: दिला, बरं झालं. शेवटच्या वहीत अक्षर वाकडं झालेलं. वाटतं: डॉक्टर म्हणतील काळजीचं कारण नाही. निघालं: म्हणाले. वाचताना मी हसत होते आणि नाक पुसत होते. माझा मुलगा दारातून बघून निघून गेला.

मग मी पहिल्या पानांकडे आले. सातव्या वहीचं पहिलं पान, उतरवलेल्या ओळी. दोन-तीन आहेत, पैकी एक तुमच्या ठसठशीत अक्षरात. मी मागे गेले. सहाव्या वहीत ती सापडली, मूळची. ज्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी बसून तो प्रोग्राम थांबवलात त्याच दिवसाची.

वाटतं: अर्चना स्वतः येऊन सांगेल.

निघालं: काही नाही. रिकामा रकाना.

सातवीच्या पहिल्या पानावर तीच. आठवीच्या, नववीच्या, दहावीच्या. निवृत्तीच्या वर्षी, केतकीच्या लग्नाच्या वर्षी, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या त्या वर्षी. बाकीच्या ओळी मधे कुठेतरी निघाल्या आणि गळल्या. ही एकटी तेराव्या वहीपर्यंत आली आहे. शब्दसुद्धा बदललेले नाहीत. 'कदाचित' घातलेलं नाही कुठे.

तुम्ही मला विचारू शकला असतात. खडकवासल्याला, बरण्यांच्या खोलीत, दर दिवाळीला. एकदा थेट विचारलं असतंत तर मी कोसळून सगळं सांगितलं असतं आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. विचारलं नाहीत. सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं नाहीत ते समजतं, तुमचा स्वभाव तो. पण एकट्यातही नाही. तुम्ही थांबून बघत राहिलात, हात घातला नाहीत. आपल्या भांडणात तुमचं म्हणणं हेच होतं, आणि मला ते आत्ता कळतंय. मला तुमचा रागही येतो, ताई. इतकी वर्षं कुणी वाट बघतं का? एक थोबाडीत दिली असतीत तर दोघींचं सोपं झालं असतं.

काल संध्याकाळी मी पेन घेतलं. तेरावी वही, पहिलं पान. वाटलं, आता तर सांगणारच आहे तुम्हाला, उद्या पत्र लिहून. 'निघालं'खाली लिहावं, सांगितलं. पेन टेकवलंही. मग लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतेय. प्रोग्राम थांबला आहे, हातातली व्हॅल्यू चुकीची आहे, आणि मी आपल्या हाताने बरोबर आकडा घालून तो पुढे सोडतेय, म्हणजे पत्र सुरेख छापून येईल. तुमच्या हयातीत मी सांगितलं नाही. निघालं ते एवढंच.

म्हणून मी लिहिलं: नाही.

तुमचे अंदाज फार थोडे चुकले. हा माझ्यामुळे चुकला.

केतकीने पिशवीत एक कोरी वहीही टाकली होती, तुम्ही आणवून ठेवलेली, चौदावी. आज सकाळी मी तिच्यात पट्टीने मध्ये रेघ मारली. वरती दोन्ही मथळे लिहिले. उद्या सोमवार, साडेनऊला सगळ्यांचा कॉल असतो. रोहन असेल, ती बावीस माणसं असतील, ट्रेनिंगमध्ये ती स्लाइड दाखवणारी मुलगीही असते. कपाटातून तुमचा राखाडी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आहे, कशासाठी ते मला नीट सांगता येणार नाही. मला भीती वाटतेय. मी चोपन्न वर्षांची आहे, फार थकले आहे, आणि अजूनही 'डेटा वेगळा असेल' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार असतं.

पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, डावीकडे लिहिलं आहे:

वाटतं: अर्चना उद्या सगळ्यांसमोर सांगेल, सही ताईंची होती, चूक माझी.

उजवा रकाना कोरा आहे. या खेपेला आधी लिहिलंय, ताई. अजून बघितलेलं नाही.